वडाखालची शाळा, शिमला ऑफिस आणि पावसाचा आगाऊ हिशेब

शिवाजीनगरला बसमधून उतरणाऱ्या बहुतेकांना ‘शिमला ऑफिस’ हे एका चौकाचे नाव आहे, एवढेच ठाऊक असते. पुण्याच्या मध्यावर शिमला कशी काय आली? ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे मुख्यालय शिमल्यास होते. १९२८ साली ते पुण्यास हलले. कचेरी आली आणि तिच्याबरोबर जुन्या गावाचे नावही आले. पुढे १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेले. नाव मात्र पुणेकरांनी ठेवून घेतले.

आजचा धागा या कचेरीला पिढ्यानपिढ्या छळणाऱ्या एका प्रश्नाविषयी आणि त्या प्रश्नापायी आयुष्य वेचणाऱ्या एका वैज्ञानिकाविषयी आहे. प्रश्न ऐकायला साधा आहे : यंदाचा पाऊस कसा होईल, हे जून उजाडण्याआधी सांगता येईल का? वैज्ञानिकाचे नाव जगदीश शुक्ला. धागा लांबला आहे, तेव्हा सवडीने वाचावा.

प्रश्न शुक्लांहून पुष्कळ जुना आहे. हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले आणि लगेच १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ आला. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फ आणि पुढचा पावसाळा यांचा संबंध लावला : बर्फ जास्त, तर पाऊस कमी. त्या आधारावर १८८६ साली मोसमी पावसाचा पहिला अधिकृत अंदाज निघाला. त्यांच्यानंतरच्या जॉन एलियट यांनी १८९९ साली चांगल्या पावसाचे भाकीत केले आणि नेमका त्याच वर्षी देश होरपळून निघाला. मग १९०४ साली केंब्रिजचा गणिती गिल्बर्ट वॉकर आला. जगभरच्या वेधशाळांचे आकडे जमवून त्याने परस्परसंबंधांची प्रचंड कोष्टके मांडली आणि त्यातून ‘सदर्न ऑसिलेशन’, म्हणजे प्रशांत महासागराच्या दोन टोकांमधला वायुदाबाचा झोका, त्याच्या हाती लागला. शोध थोर होता. पण हा झोका का होतो, हे वॉकरला सांगता येत नव्हते. आकड्यांचे नाते जुळले की अंदाज द्यायचा आणि ते तुटले की नवे नाते शोधायचे, असा तो सारा मामला होता.

आता उत्तर प्रदेशात, बलिया जिल्ह्यातल्या मिर्धा नावाच्या खेड्यात येऊ. १९४४ साली, म्हणजे मुख्यालयाने पुणे सोडले त्याच वर्षी, तिथे जगदीश शुक्लांचा जन्म झाला. गावात वीज नव्हती, रस्ता नव्हता आणि शाळेला इमारतही नव्हती. प्राथमिक शिक्षण बहुतांशी एका मोठ्या वडाखाली झाले. हायस्कूलमध्ये गणित आणि संस्कृत या विषयांत त्यांनी विशेष प्रावीण्य मिळवले. विज्ञान मात्र आसपासच्या एकाही शाळेत शिकवले जात नव्हते. महाविद्यालयात विज्ञान शाखेला प्रवेश घ्यायचा, तर पाया कुठून आणायचा? वडिलांनी, चंद्रशेखर शुक्ला यांनी, उपाय सांगितला : सहावी ते दहावीची विज्ञानाची सगळी पुस्तके एका उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचून काढ. मुलाने ती वाचून काढली. पुढे बनारस हिंदू विद्यापीठातून १९६४ साली त्यांनी भूभौतिकीची पदव्युत्तर पदवी घेतली.

नोकरी लागली ती पुण्यात. १९६२ साली येथे उष्णकटिबंधीय हवामानशास्त्राची एक संशोधन संस्था सुरू झाली होती. ती पुढे १९७१ साली स्वायत्त झाली आणि आज आपण तिला आयआयटीएम म्हणतो. पाषाण रस्त्यावरच्या आजच्या विस्तीर्ण आवारापूर्वी तिचे बिऱ्हाड रामदुर्ग हाउसमध्ये होते. त्या काळी देशातला सर्वांत बलाढ्य संगणक मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होता : सीडीसी ३६००. पुण्यातल्या हवामानशास्त्रज्ञाच्या टेबलावर मुख्यत्वे कागद, नकाशे आणि पट्ट्या असत.

इथे ‘प्रारूप’ म्हणजे काय, ते सांगून पुढे जातो. हवेचे चलनवलन न्यूटनच्या नियमांनी आणि उष्णतेच्या नियमांनी बांधलेले आहे. ती समीकरणे माहीत आहेत, पण कागदावर सुटत नाहीत. मग पृथ्वीवर चौकड्यांची जाळी कल्पायची, प्रत्येक चौकडीत आज वारा किती, तापमान किती, ओलावा किती ते भरायचे आणि संगणकाला पुढच्या काही मिनिटांचे गणित करायला लावायचे. मग पुन्हा पुढची काही मिनिटे. असे करत करत उद्यापर्यंत पोचायचे. हे प्रथम साधले ते १९५० साली, एनियाक या अवाढव्य संगणकावर. चोवीस तासांचा अंदाज काढायला जवळपास चोवीस तासच लागले. त्या चमूचा म्होरक्या होता ज्यूल चार्नी. शुक्ला १९७० च्या सुमारास अमेरिकेत गेले ते याच चार्नीकडे, एमआयटीमध्ये. बनारसची पीएच.डी. १९७१ साली पदरात पडली होतीच. एमआयटीची डॉक्टरेट १९७६ मध्ये मिळाली.

एमआयटीत त्याच विभागात एडवर्ड लोरेंझ होते, हा योग मोठा गमतीचा. लोरेंझ यांनी १९६३ साली दाखवून दिले होते की, सुरुवातीच्या मापनात केसाएवढी चूक असली, तरी ती वाढत वाढत काही दिवसांत सगळा अंदाज गिळून टाकते. १९७२ साली त्यांनी एका व्याख्यानाच्या शीर्षकात ब्राझीलमधल्या फुलपाखराच्या पंखांची फडफड आणि टेक्ससमधले चक्रीवादळ यांची सांगड घातली. तेव्हापासून ते फुलपाखरू जगभर भिरभिरते आहे. व्यवहारात याचा अर्थ असा, की रोजच्या हवेचा अंदाज साधारण दोन आठवड्यांपलीकडे देता येत नाही. यंत्र कितीही मोठे आणा, दोन-चार दिवस इकडेतिकडे होतील, इतकेच.

ज्याला मेमध्ये ऑगस्टची चिंता आहे, त्याच्यासाठी हा निकाल फाशीच्या शिक्षेसारखा होता. दोन आठवड्यांनंतर सारे अंधारात असेल, तर मोसमी पावसाच्या आगाऊ अंदाजाचा खटाटोप करायचाच कशाला?

आणि बाहेर १९७२ साल चालू होते. महाराष्ट्राला त्या सालाविषयी काही सांगायला नको. आपल्याकडे आजही ‘बहात्तरचा दुष्काळ’ असे नुसते म्हटले तरी पुरते : फुटलेली खडी, सुकडी, रोजगार हमीची कामे, छावण्यांतली गुरे. देशभराचा मोसमी पाऊस त्या वर्षी सरासरीच्या सुमारे २४ टक्के कमी पडला. प्रशांत महासागरात त्याच वर्षी एल निनो होता. वॉकरच्या कोष्टकांना ज्याची चाहूल लागली होती, तोच हा झोका.

शुक्लांचा पहिला गाजलेला प्रयोग १९७५ सालचा. प्रिन्स्टनला जीएफडीएल ही प्रयोगशाळा होती. स्युकुरो मानाबे, ज्यांना पुढे २०२१ चे भौतिकीचे नोबेल मिळाले, ते तिथलेच. तिथले प्रारूप वापरून शुक्लांनी दोन पावसाळे ‘चालवले’. पहिल्यात समुद्राचे तापमान नेहमीसारखे ठेवले. दुसऱ्यात सोमालियाच्या किनाऱ्यालगतचा, पश्चिम अरबी समुद्राचा भाग नेहमीपेक्षा थंड केला. बाकी काहीही बदलले नाही. दुसऱ्या पावसाळ्यात समुद्रावरचे बाष्पीभवन घटले आणि भारतावरचा पाऊसही घटला.

यात नवे काय, असे वाटेल. नवे हे की, वॉकरला जे फक्त आकड्यांच्या शेजारधर्मातून दिसत होते, ते इथे कारण आणि कार्य म्हणून तपासता येत होते. समुद्र एक अंश थंड करा आणि पाहा, ही मुभा निसर्ग कुणालाही देत नाही; प्रारूप देते. अर्थात दुसऱ्या एका अमेरिकी संस्थेच्या प्रारूपावर तसाच प्रयोग झाला, तेव्हा उत्तर इतके ठसठशीत आले नाही. एकाच प्रश्नाला दोन प्रारूपांनी दोन उत्तरे द्यावीत, ही या शास्त्राची जुनी डोकेदुखी आहे.

पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, डग्लस हान यांच्याबरोबर त्यांनी ब्लॅनफर्डचे बर्फ पुन्हा बाहेर काढले. आता उपग्रहांची छायाचित्रे हाताशी होती. युरेशियात हिवाळी बर्फ जास्त पसरले, तर भारतात पाऊस कमी, असे नव्वद वर्षांपूर्वीचे म्हणणे नव्या आकड्यांतही दिसले. पण ही माहिती दहा वर्षांचीसुद्धा नव्हती आणि पुढे तो संबंध तितका पक्काही राहिला नाही. हे मुद्दाम नमूद करतो, कारण या निबंधाचा उल्लेख करताना त्याचा पुढचा इतिहास बहुधा गाळला जातो.

खरी कलाटणी चार्नी आणि शुक्ला यांच्या संयुक्त कामाने दिली. दिल्लीत १९७७ साली झालेल्या एका परिसंवादात त्यांनी ते मांडले. छापून आले १९८१ मध्ये, आणि त्याच वर्षी चार्नी वारले. युक्ती अशी होती : नासाच्या गोडार्ड केंद्रातले प्रारूप पुनःपुन्हा चालवायचे. समुद्राचे तापमान, जमिनीचा ओलावा, बर्फ हे सारे दर वेळी तेच ठेवायचे. फक्त पहिल्या दिवसाची हवा किंचित बदलायची. म्हणजे लोरेंझच्या फुलपाखराला मोकळे सोडायचे आणि ते किती धुमाकूळ घालते, ते मोजायचे.

युरोप-अमेरिकेच्या अक्षांशांवर फुलपाखराने भरपूर धुमाकूळ घातला. खऱ्या जगात तिथे वर्षावर्षांत जितका फरक पडतो, साधारण तितकाच फरक प्रारूपात नुसत्या फडफडीने पडला. मोसमी पावसाच्या पट्ट्यात मात्र प्रारूपातला फरक खऱ्या फरकाच्या मानाने बराच थोडा निघाला. मग भारतात एक वर्ष ओले आणि एक कोरडे, हा उरलेला मोठा फरक येतो कुठून? जे प्रयोगात मुद्दाम गोठवून ठेवले होते, तिथून. समुद्राचे तापमान, मातीतली ओल, बर्फ. आणि या गोष्टी सावकाश बदलतात. मेमधला समुद्र ऑगस्टमध्ये बऱ्याच अंशी ओळखू येतो.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे, तर पालखीचे घ्यावे. दिवेघाटात अमुक वारकरी अमुक वाजता कुठे असेल, कुठे चहाला थांबेल, हे कुणालाही सांगता येणार नाही. पण वाट ठरलेली आहे, मुक्काम ठरलेले आहेत आणि आषाढी एकादशीची तिथी ठरलेली आहे. तेव्हा पालखी पंढरपुरास केव्हा पोचणार, ते सहा महिने आधी सांगता येते. लोरेंझ एकेका वारकऱ्याविषयी बोलत होते. शुक्ला पालखीविषयी बोलू लागले. १२ जुलैला सांगलीत पाऊस पडेल का, याचे उत्तर मेमध्ये मिळणार नाही. जून ते सप्टेंबरचा एकूण पाऊस सरासरीहून कमी राहील का, याचे मिळू शकेल.

अनेक लोकप्रिय लेखांत हा प्रसंग ‘भारतीय वैज्ञानिकाने लोरेंझला खोटे पाडले’ अशा थाटात रंगवलेला असतो. त्यात तथ्य नाही. लोरेंझचा निष्कर्ष जागच्या जागी होता आणि आहे. शुक्लांनी प्रश्न बदलला, आणि बदललेल्या प्रश्नाला उत्तर असू शकते, हे गणिताने दाखवले. शास्त्रात हे पुष्कळदा अधिक अवघड असते.

१९८२ साली येल मिंट्झ यांच्यासह त्यांनी आणखी एक प्रयोग ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. एका प्रारूपात सगळ्या जगाची जमीन ओली आणि हिरवी, दुसऱ्यात सगळीच ठणठणीत कोरडी. दोन्ही पृथ्वींवरचे पाऊस आणि तापमान इतके निराळे निघाले, की जमीन ही पावसाची केवळ याचक आहे, ही समजूत टिकणे कठीण झाले. माती आणि झाडोरा पावसाला घडवतातही.

याच दशकात मेरीलँडमध्ये त्यांनी समुद्र, जमीन आणि वातावरण यांचा एकत्र अभ्यास करणारे ‘कोला’ हे केंद्र उभारले. तिथे तयार झालेली ‘ग्रॅड्स’ ही नकाशे काढण्याची मोफत संगणकप्रणाली पुण्यापासून पेरूपर्यंत हवामानाच्या विद्यार्थ्यांनी पिढ्यानपिढ्या वापरली आहे. १९८८ मध्ये लेनार्ट बेंगटसन यांच्यासह त्यांनी सुचवले की, जुन्या साऱ्या निरीक्षणांना एकाच आधुनिक प्रारूपातून पुन्हा काढून गेल्या दशकांच्या हवेचा सलग इतिहास तयार करावा. आज तापमानवाढीची चर्चा ज्या ‘पुनर्विश्लेषित’ माहितीवर चालते, तिच्या मुळाशी त्या काळातले असे प्रस्ताव आहेत. दिसायला हे काम रुक्ष आहे. पण माझ्या मते शुक्लांच्या साऱ्या कामांत सर्वांत जास्त लोकांच्या उपयोगी पडले ते हेच.

१९८७ चा दुष्काळ पडला आणि दिल्लीला जाग आली. राजीव गांधींच्या काळात, १९८८ साली, मध्यम पल्ल्याच्या अंदाजासाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. त्याच्या उभारणीत शुक्लांचा सल्ला मोलाचा होता. तिथे क्रे एक्सएमपी-१४ हा अमेरिकी महासंगणक आला. शीतयुद्धाच्या दिवसांत अमेरिकेने याहून ताकदवान यंत्र द्यायचे नाकारले आणि दिले तेही अटींसकट. त्या नकाराची दुसरी फळी पुण्यात उभी राहिली : १९८८ मध्ये सी-डॅक आणि १९९१ मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’. महासंगणकाची आपली कथा ढगांपासून सुरू झाली, हे फारसे कुणाच्या लक्षात नसते.

आता अडचणीचा भाग.

१९८८ पासून मोसमी पावसाचा अधिकृत अंदाज ज्यावर निघे, ते प्रारूप शुक्लांच्या जातीचे नव्हते. ते वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांचे सोळा घटकांचे संख्याशास्त्रीय प्रारूप होते. वॉकरच्या घराण्यातले, पण अधिक रेखीव. ते वर्षानुवर्षे बरोबर येत गेले. १९९७ साली विसाव्या शतकातल्या सर्वांत बलाढ्य एल निनोंपैकी एक आला, जगाने भारतात दुष्काळ गृहीत धरला, आणि पाऊस पडला १०२ टक्के! (हिंदी महासागराच्या पश्चिम भागातले पाणी तेव्हा नेहमीहून उबदार होते. त्या ‘द्विध्रुवा’ने आपल्याला तारले, असे पुढे मांडले गेले.) मग आले २००२. अंदाज सामान्य पावसाचा होता. जुलैमध्ये निम्माच पाऊस झाला आणि हंगाम १९ टक्क्यांनी तुटीत गेला. पुढच्याच वर्षी खात्याने सोळा घटकांचे प्रारूप बाजूला ठेवले.

गोवारीकरांवर तेव्हा बरीच टीका झाली. ती मला अर्धवट वाटते. १९८८ ते २००१ या काळात देशव्यापी अवर्षण एकदाही पडले नाही. ‘पाऊस सामान्य होईल’ असे नुसते डोळे मिटून दर वर्षी सांगणाराही त्या काळात यशस्वी ठरला असता. त्यामुळे त्या यशाचे कौतुक जितके अवाजवी होते, तितकीच एका अपयशावरची हेटाळणीही. आणि २००२ मध्ये देशोदेशीची भौतिकीवर आधारलेली प्रारूपे तरी कुठे बरोबर आली? बहुतेक सपशेल चुकली. पुण्याच्या सुलोचना गाडगीळ यांनी सहकाऱ्यांसह हे स्पष्टपणे दाखवून दिले. भारतीय विज्ञान संस्थेत दशकानुदशके मोसमी पावसाचा अभ्यास करणाऱ्या गाडगीळ बाईंचा दुसरा आग्रह असा की, अंदाज शेतकऱ्याच्या कोणत्या निर्णयाला उपयोगी पडणार, ते आधी त्यालाच विचारा. अनंतपूर-पावगडा भागातल्या भुईमुगाच्या पेरणीवर त्यांनी तसे कामही केले.

म्हणजे १९८१ चा सिद्धान्त चुकला होता का? शुक्लांनी १९९८ साली ‘सायन्स’मध्ये पुन्हा ठामपणे मांडले होते की, समुद्राचे तापमान तेच असेल, तर सुरुवातीची हवा अगदी वेगळी घेतली, तरी उष्ण कटिबंधातला पाऊस प्रारूपात जवळपास एकाच ठिकाणी येऊन पोचतो. प्रशांत महासागराच्या बाबतीत ते खरे आहे. भारतावर मात्र दोन गोष्टी आड येतात. एक, त्याच वर्षी भूपेंद्रनाथ गोस्वामी यांनी दाखवले की, भारतीय पावसाच्या वर्षावर्षांतल्या फरकाचा मोठा वाटा त्याच्या अंतर्गत चढउतारांतूनच येतो. पावसाच्या सरी आणि उघडीप यांचे जे चक्र असते, त्यातून. पालखीच्या उदाहरणात सांगायचे, तर इथे वारकऱ्यांची गर्दी कधीकधी वाटच बदलते. दुसरी, २००५ साली बिन वांग आणि सहकाऱ्यांनी निदर्शनास आणले की, समुद्राचे तापमान आधी ठरवून त्यावर हवा सोडायची, ही पद्धतच भारताजवळ फसते. कारण इथे समुद्र हवेला नाचवतो, तशीच हवाही समुद्राला नाचवते : ढग दाटले की ऊन अडते आणि पाणी निवते. दोघांना एकत्र बांधलेले प्रारूपच इथे चालेल.

अशा जोडप्रारूपावर काम करण्यासाठी २०१२ साली ‘मान्सून मिशन’ सुरू झाले आणि त्याची धुरा आयआयटीएमकडे, म्हणजे शुक्लांनी जिथे नोकरीला सुरुवात केली, त्याच संस्थेकडे आली. तेव्हा तिचे संचालक गोस्वामी होते. अमेरिकेचे एक जोडप्रारूप आणून ते भारतीय पावसासाठी घासूनपुसून घेतले गेले. पाषाणला २०१८ मध्ये ‘प्रत्युष’ हा महासंगणक बसला, २०२४ मध्ये ‘अर्क’. २०१२ सालीच शुक्लांना पद्मश्री मिळाली. त्याआधी २००७ मध्ये जागतिक हवामान संघटनेचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला होता. मिर्ध्यात त्यांनी मुलींच्या उच्च शिक्षणासाठी गांधी महाविद्यालय काढले आहे. २०२५ साली त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकात एक अब्ज फुलपाखरे आहेत.

एप्रिलमध्ये जेव्हा ‘यंदा सरासरीच्या अमुक टक्के’ अशी बातमी येते, तेव्हा तिच्या शेवटी ‘अधिक-उणे ५ टक्के’ असे लिहिलेले असते. वर्तमानपत्रे ते पुष्कळदा गाळतात. मेअखेरच्या सुधारित अंदाजात ते ४ टक्क्यांवर येते. प्रारूप एकदाच चालवून हा आकडा मिळत नाही. पहिल्या दिवसाची हवा दर वेळी थोडी बदलून ते अनेकदा चालवतात आणि येणाऱ्या साऱ्या उत्तरांचा मेळ घालतात.